गरम होऊ न दिलेले इंजिन

भारताच्या हद्दीत स्वतःच्या मालकीचे विमान बाळगून ते वर्षानुवर्षे जमिनीपासून वीतभरही वर जाऊ न देण्याचा मान कोणाला द्यायचाच असेल, तर तो निर्विवादपणे माझ्या व्याह्यांना द्यावा लागेल. या विधानास कोणाची हरकत असल्यास ती त्यांनी लेखी स्वरूपात, कारणांसह माझ्याकडे पाठवावी. मी तिला मुद्देसूद उत्तर देईन. विमान म्हणजे माणसे वाहणारे नव्हे, हे ओघानेच आले. पंख पसरले तर दोन हात भरतील एवढे ते लाकडी पाखरू, आणि त्याच्या नाकावर बसवलेले, मुठीत मावणारे, नायट्रोवर चालणारे इंजिन. परंतु या मुठीएवढ्या यंत्राच्या प्रकृतीची जेवढी काळजी केजमधल्या त्या एका घराने वाहिली, तेवढी आमच्या जिल्ह्यात एखाद्या मंत्र्याच्या प्रकृतीचीही कोणी वाहिली नसेल. मंत्र्याला निदान ताप येऊ देतात. येथे ताप येणे हाच मुळी अपराध होता.

माझा परिचय करून देणे येथे भाग आहे. माझी उभी हयात बीडच्या दिवाणी न्यायालयात कागद हाताळण्यात गेली. सेवानिवृत्तीनंतर मी तक्रारअर्ज लिहितो. बंद पथदिवा, गटारीवर बांधलेला ओटा, लग्नाच्या मांडवाने अडवलेला सार्वजनिक रस्ता, यांपैकी कोणालाही मी सोडलेले नाही, आणि माझ्या अर्जाला उत्तर न देणाऱ्या अधिकाऱ्याला मी स्मरणपत्रावर स्मरणपत्र पाठवून बदलीची वाट पाहायला लावलेले आहे. असा हा मनुष्य ज्या दिवशी आपली मुलगी केजला देता झाला, त्या दिवशी तो मुलीचा बाप झाला. आणि मुलीच्या बापाला आपले सगळे कायदे मुलाच्या बापाच्या उंबऱ्याबाहेर, चपलांशेजारी काढून ठेवावे लागतात. त्यातून आमच्याकडे मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरी पाण्याचा घोटही घ्यायचा नसतो. त्यामुळे मांजरसुंब्याला वाहन बदलून, धूळ खात केजला पोहोचायचे, व्याह्यांच्या ओट्यावर कोरड्या घशाने बसायचे, आणि समोर अंगणात ते आपल्या इंजिनाला थेंब थेंब पाणी पाजत आहेत हे पाहायचे, असा माझा पाहुणचार होता.

सरकारने परदेशी मालाला देशाची दारे उघडली, त्याच सुमारास व्याह्यांच्या घराचे दारही एका परदेशी खोक्याला उघडले. व्याह्यांचे बस स्टँडजवळ पाण्याच्या मोटारी आणि डिझेल इंजिनांच्या सुट्या भागांचे दुकान. आईवडील लवकर गेले, म्हणून धाकट्या भावाला त्यांनीच खांद्यावर घेऊन वाढवले, शिकवले आणि शेवटी मस्कतला पाठवले. त्या भावाने गावाकडे येणाऱ्या कोणा माणसाबरोबर ते खोके धाडले होते. त्यात अत्तर होते, विजेरी होती, टेपरेकॉर्डर होता, आणि तळाशी हे इंजिन, एक पंख मोडलेले विमान, दोन बारीक पोलादी तारा आणि इंग्रजी माहितीपुस्तिका. व्याही तडक एस.टी.डी.च्या बूथवर गेले. "इंजिन पोचलं बाबा, त्याचं काय करायचं?" असे त्यांनी विचारले. बूथमधले लाल आकडे पळत होते, आवाज तुटत होता. पलीकडून भाऊ म्हणाला, "राहू द्या अण्णा, मी आलो की उडवू." फोन कटला. एवढेच. माझ्या अनुभवात उच्च न्यायालयाच्या हुकूमनाम्याचीही एवढी तंतोतंत अंमलबजावणी कोणी केलेली नाही. भाऊ येईपर्यंत ते इंजिन धडधाकट ठेवायचे, रोज नाही तर आठवड्यातून एकदा तरी चालवायचे म्हणजे ते आतून गंजणार नाही, आणि काही झाले तरी त्याला तापू द्यायचे नाही, कारण त्याचा पिस्टन एकच, तो जिच्यात सरकतो ती स्लीव्ह एकच, आणि ती जोडी एकदा तापून घासली गेली तर केजपासून मुंबईपर्यंत तिचा जोडीदार मिळायचा नाही. भाऊ यायचा आणि इंजिन मुके निघायचे, या एका भीतीवर त्या मनुष्याने आपल्या आयुष्याची घडी बसवली.

पुस्तिका इंग्रजी असल्यामुळे, सोयरीक जुळताच ती वाचण्याचे काम माझ्याकडे आले. नकार देण्याची सोय नव्हती. मी तिचा अनुवाद एखाद्या अधिनियमाचा करावा तसा केला. व्याही मांडी घालून ऐकत. हवेबरोबर तेल, म्हणजे इंधन, किती आत सोडायचे हे एक बारीक सुई ठरवते. सुई बाहेर फिरवली की तेल जास्त, म्हणजे मिश्रण ओले. इंजिन घुटमळत, गुळण्या केल्यासारखा आवाज करत, पांढरा धूर सोडत चालते आणि थंड राहते. सुई आत फिरवली की तेल कमी, म्हणजे मिश्रण कोरडे. धूर विरळ होतो, आवाज चढतो, जोर वाढतो आणि इंजिन तापते. जोर आणि ताप एकाच दिशेने वाढतात. शहाण्याने जोराच्या शिखरावरून किंचित मागे, ओल्याच्या बाजूला यावे. तपासणीचा उपाय असा, की चालून आलेल्या इंजिनाच्या डोक्यावर पाण्याचा थेंब टाकावा. तो नुसताच बसून राहिला तर इंजिन थंड आहे. क्षणभर चरचरून उडाला तर योग्य. टाकताक्षणी नाहीसा झाला तर ताबडतोब थांबवावे. एवढा सरळ कायदा. पण कायदा सरळ असला म्हणजे त्याचा अर्थ लावणारा सरळ असतोच असे नाही. व्याह्यांनी पहिला प्रकार तेवढा उचलला. थेंब बसून राहिला पाहिजे. चरचरला की त्यांचा चेहरा उतरायचा. "व्याही, बोललं बघा त्ये. दुखतंय त्याला."

त्यांच्या सरावाचा थाट बघण्यासारखा होता. अंगणात लाकडी ठोकळ्यावर इंजिन घट्ट बसवायचे. शेजारी पाट, पाटावर तांब्या, तांब्यात पाणी. जगभरातले शौकीन म्हणे इंजिनाच्या डोक्यावर थुंकून अंदाज घेतात. हे मी कुठेतरी वाचून सांगितले, तर व्याही पुढच्या दोन भेटींत माझ्याशी नीट बोलले नाहीत. "लक्ष्मीवर थुकायचं? कसल्या घरची माणसं ती?" मग बोट तांब्यात बुडवून, महादेवाच्या पिंडीवर अभिषेक करावा त्या गांभीर्याने ते एकेक थेंब सोडत. इंजिन चालू करताना पंख्याच्या पात्यावर बोट मारावे लागते आणि पाते उलटून बोट फोडते. म्हणून त्यांनी बोटाला सायकलच्या ट्यूबचे टोपण केले होते, जे ते दुकानातही काढायला विसरत आणि गिऱ्हाइकाला त्याच बोटाने वॉशर दाखवत. सुई जिथे थांबवायची तिथे त्यांनी माझ्या मुलीच्या नखांच्या लाल रंगाचा ठिपका दिला होता. ठिपक्यापलीकडे आत सुई जाणे नाही. नवा ट्रॅक्टर आणला की पहिले काही तास तो दमाने चालवतात, त्याला आमच्याकडे रनिंग म्हणतात. मनुष्यजातीच्या इतिहासात सर्वांत लांबलेले रनिंग या इंजिनाचे असावे. मुलीचे लग्न झाले, मुलीला मूल झाले, मूल चालू लागले, तरी इंजिन रनिंगमध्येच.

विमानाचा मोडलेला पंख व्याह्यांनी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा करून घेतला आणि त्यावर पतंगाचा कागद चिकटवला. गावाबाहेर त्यांचे एक सपाट रान होते. रविवारी तिथे जत्रा भरे. हे विमान आकाशात मोकळे सोडायचे नसून, दोन तारांनी मधे उभ्या असलेल्या माणसाच्या मुठीशी बांधलेले असते आणि त्याच्याभोवती गोल फिरते. उडाले तर. व्याह्यांच्या ओल्या इंजिनात धूर सोडण्यापुरता दम होता, उडण्यापुरता नव्हता. त्यामुळे विमान खळ्यावरच्या बैलासारखे त्यांच्याभोवती चाकांवर गोल गोल फिरे, मधूनमधून ढेकळाला अडखळे, आणि व्याही मेढीसारखे मधे उभे राहून समाधानाने मान हलवत. दुकानासमोरच्या गॅरेजचे मिस्त्री चाचा, ज्यांनी ते विमान नाना परींनी दुरुस्त केले होते, ते धोतराएवढ्या रुमालाने नाक झाकून म्हणत, "सेठ, ये हवाई जहाज है के तेलघाना? बैल भी इससे जल्दी फिरता है."

"फिरू द्या की चाचा. गरम तर न्हाई ना झालं?"

"गरम कायकू होगा? उसकू काम ही कां दिया तुमने?"

या प्रकरणी माझी भूमिका पहिल्यापासून स्पष्ट होती आणि ती मी वेळोवेळी लेखी कळवली होती. जे यंत्र उडत नाही त्याला विमान म्हणता येत नाही. जे इंधनावर, चाकांवर, जमिनीवरून चालते ते मोटारवाहन होय. सबब त्याची नोंदणी, विमा आणि क्रमांकाची पाटी आवश्यक आहे. शिवाय त्या इंधनात एरंडेल असल्यामुळे त्याचा धूर ज्यांच्या घरांवरून जातो त्यांच्या पोटांवर होणाऱ्या परिणामांची जबाबदारी कोणाची, हा मुद्दा मी स्वतंत्र परिच्छेदात मांडला होता. सार्वजनिक उपद्रव या सदराखाली मी त्यांना पाठवलेल्या नोटिसांचा मायना मात्र "सप्रेम नमस्कार वि. वि." असा ठेवावा लागे आणि शेवट "विहीणबाईंस साष्टांग नमस्कार" असा. या नोटिसा ते दुकानात गिऱ्हाइकांना मोठ्याने वाचून दाखवत. "आमच्या व्याह्यांचं अक्षर बघा. मोत्यावानी. आन् काय भाषा! मला तर निम्मी कळत न्हाई." उत्तर एकाही नोटिशीला आले नाही. त्याऐवजी हुरड्याचे निमंत्रण यायचे.

व्याह्यांच्या विरुद्ध वकील म्हणून मी उभा होतो, आणि त्यांचे अर्जही मीच लिहीत होतो, ही त्यातली खरी नामुष्की. या इंजिनाला लागते मिथेनॉल, जे विषारी मद्यार्क असून परवान्याशिवाय बाळगता येत नाही. व्याही ते एका औषधवाल्याकडून "थोडं थोडं" आणण्याच्या बेतात होते. मी तो बेत हाणून पाडला, रीतसर अर्ज केला आणि त्यांना घेऊन परवाना देणाऱ्या कचेरीत गेलो. साहेबांनी अर्ज वाचला, परत वाचला.

"हे पिल्यावर काय होतं?"

"डोळे जातात साहेब," व्याही म्हणाले. "मग जीव जातो."

"मग तुमाला कावून पाहिजे?"

"मी न्हाई पेत. माझ्या भावाचं इंजिन पेतं."

"भाऊ कुठंय?"

"मस्कतला."

"आन् इंजिन?"

"रनिंगमधी हाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी परवान्याच्या तरतुदी सांगायला सुरुवात केली. त्या पुऱ्या होण्याच्या आत परवानगी मिळाली. माझ्या वक्तृत्वाचा हा विजय मी आजही मानतो. त्या मिथेनॉलात मिसळायच्या नायट्रोची बाटली मात्र पुण्याहून यायची. ती व्याही देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवत आणि डोळ्यांत औषध घालायच्या नळीने मोजून घालत. "मिर्चीवानी हाय त्ये. कमी तेवढं बरं."

पुढे पुढे या तापमानशास्त्राची झळ माणसांनाही लागू लागली. गावातला प्रत्येक मनुष्य व्याह्यांच्या लेखी एकतर ओला होता नाहीतर कोरडा. ग्रामसेवक ओला: "नुसता गुळण्या करतोय, पुढं सरकत न्हाई." त्यांच्या मोठ्या बहिणीचे यजमान कोरडे: "किंचाळतंय, धूर न्हाई. जास्त दिवस टिकायचं न्हाई." नातीला ताप आला तेव्हा त्यांनी तिच्या कपाळावर ओले बोट टेकवून निदान केले, आणि ते डॉक्टरच्या तापमापकाशी जुळले म्हणून महिनाभर दुकानात त्याचे वर्णन चालले. माझ्याबद्दल तर त्यांचे मत पहिल्या भेटीतच पक्के झाले होते. एकदा मी ओट्यावर बसून, गावातल्या एका बेकायदा कमानीविषयी, थोडा आवाज चढवून बोलत होतो. व्याही शांतपणे ऐकत होते. म्हणजे मला वाटत होते की ऐकत होते. ते कान देऊन आवाजाची पट्टी तपासत होते.

"व्याही, राग नका मानू. तुमची सुई लई आत गेलीया."

"म्हणजे?"

"कोरडं चाललंय तुमचं. जोर लई हाय, मान्य. पर डोकं तापतंय. अर्धा फेरा बाहेर घ्या. थोडं तेल सोडा आत."

आतून माझी मुलगी म्हणाली, "बाबा, ऐका ना मामांचं." स्वतःच्या मुलीने विरुद्ध पक्षाच्या बाजूने साक्ष द्यावी, यावर कोणत्याही कायद्यात इलाज नाही. मी बीडला परतल्यावर नोटीस लिहिली. ती नेहमीपेक्षा अर्ध्या पानाने लहान झाली, एवढे येथे नमूद करतो.

त्यांच्या ज्ञानातली एक गोष्ट तर मला सामान्य बुद्धीचा उघड अवमान वाटली होती. पौषातल्या थंडीत ते सुई आणखी बाहेर फिरवताना दिसले. मी म्हटले, थंडीत इंजिन आपोआप गार राहील, मग आणखी ओले कशाला? ते म्हणाले, "उलटं हाय, व्याही. थंडीची हवा जाड असती. हवा जास्त आत जाती, मग तेल कमी पडतं. सुई हाय तिथंच ठेवली तर थंडीतच इंजिन कोरडं होऊन तापतं. उन्हाळ्यात भीती कमी." मी त्या रात्रीच पुस्तिका काढली. ती व्याह्यांच्या बाजूने निघाली. छापील मजकुरासमोर मी कधी वाद घालत नाही.

या सगळ्यात एक प्रश्न विचारायचे धाडस फक्त मिस्त्री चाचांनी केले. "सेठ, भाई आया ही नइ तो?" एवढाच. व्याह्यांनी तांब्या उचलून आत नेला. मिस्त्रींनी मग पुन्हा तो विषय काढला नाही, आणि तेलघाण्याची थट्टाही काही आठवडे बंद ठेवली.

शेवटी भाऊ आला. पौषातच आला, आणि मोजक्या दिवसांसाठी. त्याची रजा निम्मी मुंबईत सासुरवाडीला गेली होती. व्याह्यांनी मला मुद्दाम निरोप पाठवला: "विमान उडणार हाय, तुमी पायजे." मी थंडीत कुडकुडत पहिल्या गाडीने निघालो. रानात व्याही आधीच येऊन बसले होते. अंगावर धुतलेला शर्ट, विमानाला हळदकुंकू. मिस्त्री चाचा होते. माझी मुलगी नातीला शालीत गुंडाळून उभी होती. मग भाऊ आला. पोट सुटलेला, जाड काचेचा चष्मा लावलेला, हातात गाडीची किल्ली फिरवणारा, दिलखुलास गृहस्थ. त्याने विमान पाहिले आणि हसला.

"हे काय अण्णा? पोरीला खेळणं?"

व्याही म्हणाले, "वळखलं न्हाईस?"

"न्हाई बा."

"तूच धाडलंय की रे. टेपरेकॉर्डरबरूबर."

भावाने डोके खाजवले. आणि मग त्याला आठवले; आठवले नसते तर बरे झाले असते. "हां, हां! आमच्या तिथला एक गोरा साहेब घर सोडून चालला होता. त्याच्या सामानाचा ढीग एकदम घेतला होता मी. मला टेपरेकॉर्डर पायजे होता. त्यात आलं असंल हे. तुमी अजून ठेवलंय? आवं, मला वाटलं भंगारात दिलं असंल."

मी आयुष्यात अनेक निर्लज्ज प्रतिवादी पाहिले आहेत. पण इतका निष्पाप प्रतिवादी पाहिला नव्हता. त्या क्षणी माझ्याकडे सगळे तयार होते: फिर्याद, मुद्दे, साक्षीदार, पुरावा. "आपण टेलिफोनवर काय म्हणाला होता, याची आपल्याला आठवण करून देतो," हे वाक्य ओठांवर आले होते. व्याह्यांनी माझ्याकडे नुसते पाहिले. ते वाक्य मी तिथेच मागे घेतले. जे जिल्हा न्यायाधीशांना जमले नाही, ते त्यांनी एका नजरेने केले.

"पर उडतं का?" भावाने विचारले. "उडवा की. बघू द्या."

"उडेगा कैसे?" मिस्त्री पुटपुटले.

"उडतं," व्याही म्हणाले.

विमानाची शेपटी धरण्याचे काम माझ्याकडे आले. नोंदणी नसलेले, विमा नसलेले, माझ्याच लेखी निवेदनानुसार विमानच नसलेले ते वाहन मी गुडघे टेकून दोन्ही हातांनी धरले होते. व्याह्यांनी पात्यावर बोट मारले. इंजिन सुरू झाले. तीच ओळखीची गुळणी, तोच एरंडेलाचा ढग. ते उकिडवे बसले, सुईला हात घातला आणि ती आत फिरवू लागले. लाल ठिपका आला. ठिपका गेला. गुळणी थांबली. धूर विरळ झाला, मग जवळजवळ नाहीसा झाला, आणि त्या लिंबाएवढ्या पोटातून जो आवाज निघाला तो मी त्या इंजिनाकडून कधी ऐकला नव्हता: स्वच्छ, लांब, कापत जाणारा. माझ्या हातातली शेपटी जिवंत झाल्यासारखी ओढू लागली. पुस्तिकेचा अनुवाद मीच केलेला होता. शिखरावरून मागे यायचे असते; ते मागे आले नव्हते. आणि रानावर दव होते, नाकपुड्या गोठवणारी जाड हवा होती.

मी ओरडून म्हणालो, "व्याही, थंडी आहे!"

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "मी हात वर करीन तवा सोडा."

ते चालत मधे गेले, तारांची मूठ घेतली, भावाकडे एकदा पाहिले आणि हात वर केला. हरकत घेण्यात माझे आयुष्य गेले. मी सोडले.

चार-पाच हात पळून विमानाने जमीन सोडली. माझी मुलगी किंचाळली, नात टाळ्या पिटू लागली, मिस्त्री चाचा "या अल्ला!" म्हणून खाली बसले. सूर्य नुकता वर आला होता आणि पतंगाच्या कागदाचा तो लाल पंख उन्हात आला की पेटल्यासारखा दिसे, सावलीत गेला की विझे. भावाच्या हातातली किल्ली कधी पडली त्याला कळले नाही. "अण्णा! अण्णा, मला द्या! मला!" असे ओरडत तो पोट सावरत, वाकून, तारांखालून मधे शिरला. मग दोघांनी मिळून ती एक मूठ धरली आणि दोघे म्हातारे एकमेकांना खांदे देत गरागरा फिरू लागले. भाऊ हसत होता, "अण्णा, पडतो मी, पडतो!" म्हणत होता. थोड्या वेळाने व्याह्यांनी आपला हात हळूच काढून घेतला, त्याच्या पायांशी खाली बसले, आणि डोक्यावरून तारा फिरत असताना विमानाकडे न पाहता भावाकडे पाहत राहिले.

आवाज आणखी चढला. मला तो कळला. मिस्त्रींना कळला, त्यांनी डोळे मिटून घेतले. व्याह्यांना तर तो आमच्या आधी कळला असणार. ते हलले नाहीत. मग एक कर्कश ओरखडा उमटला आणि सगळे एकदम थांबले. तेल संपले की इंजिन दम टाकत विझते, पाते वाऱ्याने फिरत राहते. हे पाते जागच्या जागी अडकले. विमान मुकाट्याने खाली आले, दवात चाके टेकवून घरंगळत थांबले.

व्याही उठून सर्वांच्या आधी तिथे पोहोचले. मी त्यांच्यामागे होतो. त्यांनी पात्याला बोट लावून फिरवून पाहिले, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. ते फिरले नाही. टाकीच्या पारदर्शक नळीत पिवळे तेल स्पष्ट दिसत होते.

भाऊ धापा टाकत आला. "काय झालं अण्णा? बंद कावून पडलं?"

"काई न्हाई. तेल संपलं."

"एवढ्यात?" त्याने माझ्याकडे पाहिले. तिथला शिकलेला, कायद्यातला माणूस म्हणून त्याने माझ्याकडे पाहिले. "व्हय का हो?"

मी चष्मा काढला, पुसला आणि म्हणालो, "होय. टाकी रिकामी आहे."

"हात् तिच्या! पुढच्या बारीला जास्त भरू."

"भरू की," व्याही म्हणाले.

भाऊ नातीला कडेवर घेऊन पुढे निघाला, तिला हाताचे विमान करून दाखवत. मिस्त्री चाचा तारा गुंडाळू लागले. व्याह्यांनी विमान बगलेत उचलले आणि इंजिनाच्या डोक्यावर, भावाने मागे वळून पाहिले तर दिसू नये असा, तळहात दाबून धरला. ते डोके अजून धगधगत होते. दवाचा थेंब पडला असता तर पडताक्षणी उडाला असता. रानापासून गाडीवाटेपर्यंत मी त्यांच्या शेजारून चालत होतो. त्यांनी हात काढला नाही.